मदत हवी आहे: पणजीत बाबांना चालायला आणि भाच्याला सायकलला सपाट, पक्की वाट

सांगलीकरीण
नोकरीमुळे यंदा ताळगावला मुक्काम हलवलाय. दिवाळीनंतर बाबा आणि नऊ वर्षांचा भाचा राहायला येतायत. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. सपाट जागी दोन-तीन किलोमीटर आरामात चालतात, पण वाळूत पाय रुतला की वैतागतात, आणि चढ-पायऱ्या नकोच. भाचा सायकल गाडीच्या डिकीत घालून आणतोय, म्हणजे ती रोज निघणार. पक्की वाट हवी आणि अधूनमधून थांबून बघण्यासारखं काहीतरी हवं.

नकाशावर दोन जागा दिसतात. एक मिरामार–दोनापावला रस्त्याकडेचा सायकल ट्रॅक, दुसरा पणजी–रायबंदरचा जुना बांध. बांध फोटोंत फारच देखणा दिसतो, एकीकडे मांडवी, दुसरीकडे मिठागरं. कुठे न्यावं? बाक, सावली, शौचालय याबद्दलही सांगा. "गोवा काय, कुठेही जा, मस्तच" असे सल्ले ऑफिसात भरपूर मिळालेत, ते नकोत.

कांपालकर
ताई, सुरुवात या दोन्हींपासून करू नका. गाडी कला अकादमीजवळ लावा आणि नदीकाठाने मिरामार सर्कलपर्यंत चाला. दीडेक किलोमीटर असेल, जमीन सपाट, कांपालची जुनी झाडं डोक्यावर, बसायलाही जागा मिळते. समोर पलीकडच्या तीरावर रेईश मागुशचा किल्ला दिसत राहतो. मांडवीत कॅसिनोची जहाजंही दिसतात, त्याला आमचा इलाज नाही.

बाबा सांगलीचे म्हणता, तर कला अकादमीत पाच मिनिटं तरी थांबाच. इमारत चार्ल्स कोरियांची, आणि आतल्या मोठ्या नाट्यगृहाचं नाव दीनानाथ मंगेशकर कलामंदिर. आमच्या मंगेशीचा माणूस तुमच्या सांगलीत नांदला, एवढं म्हटलं तरी बाबा पुढचा किलोमीटर बोलत बोलत काढतील. मिरामारला भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आहे आणि जवळच गोवा विज्ञान केंद्र. भाच्याला तिथे सोडलंत की तो लवकर बाहेर येत नाही. किनाऱ्याच्या तोंडाशी सार्वजनिक शौचालय आहे.

फक्त नोव्हेंबरच्या शेवटी इफ्फी हा चित्रपट महोत्सव असतो, तेव्हा कांपालला संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवसांत सकाळीच उरका.

चढउतार
मिरामार–दोनापावला ट्रॅकबद्दल. काँक्रीटचा रस्ता झाला तेव्हा सायकलींसाठी वेगळी पट्टी मिळाली, कागदावर उत्तम. प्रत्यक्षात करंझाळेच्या बाजूला संध्याकाळी त्याच पट्टीवर गाड्या उभ्या असतात आणि पोराला प्रत्येक गाडीपाशी मुख्य रस्त्यावर यावं लागतं. सकाळी सातच्या आत मात्र चित्र वेगळं असतं, ट्रॅक मोकळा आणि हवाही बरी. नऊनंतर दमटपणाने माणूस नुसता निथळतो.

करंझाळेपर्यंत सपाट आहे. पुढे एनआयओ (समुद्रविज्ञान संस्था) सर्कलकडे चढ लागतो, तिथून परत फिरा. दोनापावलाची जेटी बघायची तर गाडीने जा. राजभवनाच्या वाटेवर ब्रिटिशांची छोटी दफनभूमी आहे. नेपोलियनच्या काळात इंग्रजी फौज गोव्यात येऊन बसली होती, तेव्हाची. फार कुणी जात नाही, पण बाबांना इतिहासाची आवड असेल तर चुकवू नका.

रापणकार
रायबंदरच्या बांधावर नऊ वर्षांच्या पोराला सायकल देऊ नका. हे स्पष्ट सांगतो.

बांध आहे सतराव्या शतकातला, 1633-34 च्या सुमाराचा. लिन्यारिशचा काउंट पोर्तुगीज व्हाइसरॉय असताना बांधला, म्हणून पोंत द लिन्यारिश, म्हणजे लिन्यारिशचा पूल. तीन किलोमीटरहून जास्त लांब, भरतीचं पाणी आत-बाहेर करायला खाली कमानी ठेवल्या आहेत. तेव्हा पालख्या आणि घोडे जायचे, आता त्याच रुंदीवरून ओल्ड गोव्याच्या बसगाड्या सुटतात. कठड्याला चिकटून चालावं लागतं आणि बस बाजूने गेली की सायकलचं हँडल हलतं. फोटो काढणारे दिवजा सर्कलजवळ गाडी थांबवून काढतात, चालत कुणी जात नाही. शिवाय 3 डिसेंबरला ओल्ड गोव्याचं फेस्त, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचा उत्सव, त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेनाच्या प्रार्थना, त्या काळात तो रस्ता विसराच.

सांगलीकरीण
सगळ्यांचे आभार. बांध रद्द, कांपाल पक्कं. पण रापणकार, तुम्ही म्हणता तसं असेल तर मिठागरं आणि तिवरं जवळून बघायची कशी? भाच्याला पक्ष्यांचं वेड आहे.

रापणकार
मग रायबंदरपर्यंत गाडीने या आणि धक्क्यावरून फेरीबोटीने चोडणला उतरा. सलीम अली पक्षी अभयारण्य फेरीच्या धक्क्यापासून चालण्याच्या अंतरावर आहे. 178 हेक्टर, जवळजवळ सगळी तिवरं. आत फरसबंद पायवाट आहे, दोन्ही बाजूंना झाडांची मुळं चिखलातून सुयांसारखी वर आलेली. बाबा सावकाश चालू शकतील. नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्थलांतरित पक्षी असतात. पण पोराला पक्ष्यांआधी निवट्या, म्हणजे चिखलातले मासे दाखवा. डोळे डोक्याच्या वर, पुढच्या परांवर रेलून चिखलात चालतात, आणि सावली पडली की टुणकन् बिळात.

वेळ मात्र भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरवा. निवट्या आणि चिखलातले पक्षी ओहोटीला दिसतात, होडीने आत जायचं तर भरती हवी. दोन्ही एकाच सकाळी मिळतील अशी आशा धरू नका.

कांपालकर
भरती पाहायला पंचांग नको, मासळीबाजारात विचारा, तिथे फुकटात कळतं. आणि येताना पणजीत भाजी-पाव खाऊन या, मिक्स भाजी मागा, वर बन. रविवारी मात्र जुनी हॉटेलं बरीच बंद असतात.

सांगलीकरीण
शेवटचं विचारते. फेरीत सायकल नेऊ देतात ना? चोडणच्या आतल्या रस्त्यांवर गर्दी कमी असेल तर त्याला तिथेच चालवू देईन.

रापणकार
नेऊ देतात, चोडणची माणसं रोज नेतात. आतले रस्ते अरुंद पण शांत आहेत, तुम्ही मागे राहा म्हणजे झालं. फेरीत चढताना-उतरताना मात्र त्याला सायकलवर बसू देऊ नका. ओहोटीला धक्क्याच्या उताराचा खालचा भाग उघडा पडतो, त्यावर हिरवं शेवाळ असतं. मोटारसायकलवालेही तिथे पाय टेकत उतरतात. सायकल हातात धरून कडेने चढवा आणि बाबांना फेरीची उतरायची फळी धक्क्यावर पूर्ण टेकल्याशिवाय पुढे होऊ देऊ नका.