शब्दचर्चा: ‘शोधलं’, ‘सापडलं’ की ‘गवसलं’? (एकीचा प्रश्न आणि त्यावर आलेली वेगवेगळ्यांची उत्तरं)

जालावर भटकताना एखाद्या अनोळखी छायाचित्रकाराचं काम दिसतं, कधी न ऐकलेलं जुनं गाणं कानावर पडतं, नाहीतर असंच काहीबाही मनात येतं आणि ते चार जणांना सांगावंसं वाटतं. अशा वेळी हल्ली सर्रास ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘मी एक भारी गायिका डिस्कव्हर केली’. त्याचं मराठी करायला जावं तर ‘मी एका गायिकेचा शोध लावला’ असं होतं. शोध पेनिसिलिनचा लावतात. ही बाई आधीपासून गातच होती, तिचा काय शोध लावणार? ‘शोधून काढली’ म्हटलं तर ती फरार होती की काय असं वाटतं, आणि मी तर काहीच शोधत नव्हते.

सापडणे, गवसणे, आढळणे, मिळणे, हाती लागणे यांपैकी इथे नेमकं कोणतं बसेल? छटांमध्ये फरक काय? आणि जे हाती लागलं ते इतरांपर्यंत पोचवण्याला ‘शेअर करणे’ सोडून काही आहे का? ‘सामायिक करणे’ कृपया सुचवू नये.

सापडणे पुरेसं आहे

सापडण्यासाठी वस्तू आधी हरवलेली असावी लागते, हा समज सोडून द्या. किल्ली सापडते, चोर सापडतो, वाट सापडते आणि रस्त्यात पडलेलं नाणंही सापडतं. नाणं काही कोणी शोधत नव्हतं. ‘मला परवा एक गायिका सापडली’ यात न कळण्यासारखं काही नाही.

आढळणे हे अहवालाचं क्रियापद आहे. पाण्यात क्षार आढळतात, अमुक पक्षी पाणथळ जागी आढळतो. पाहणारा माणूस त्यात कुठेच नसतो. मिळणे व्यवहाराचं, मागितलं की मिळतं. ‘हाती लागणे’ मला स्वतःला आवडतं, पण त्याला पुरावा किंवा घबाड हाती लागल्याचा वास येतो.

गवसण्याला आस लागते

सापडणे आणि गवसणे एकमेकांच्या जागी सरसकट वापरू नयेत. किल्ली गवसली असं कोणी म्हणत नाही. गवसण्यामागे बराच काळ मनात धरलेलं काहीतरी असावं लागतं.

हे सुराच्या उदाहरणावरून चांगलं कळतं. ‘सूर लागला’ आणि ‘सूर गवसला’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तानपुऱ्यात षड्ज मिसळून गेला की सूर लागला. तो आज लागला म्हणून उद्या लागेलच असं नाही, लागणं त्या त्या बैठकीपुरतं. गवसणं म्हणजे खूप चाचपडून झाल्यावर आपलं काहीतरी हाती येणं. क्रीडापानावरची मंडळी हा फरक नकळत पाळतात. चार डावांत अपयशी ठरलेल्या फलंदाजाला पाचव्यात ‘सूर गवसतो’. पहिल्याच सामन्यात शतक ठोकणाऱ्या पोराबद्दल असं कोणी लिहीत नाही.

म्हणून लहानपणी एकदाच ऐकलेली धून वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा भेटली, तर ती गवसली म्हणावं. पहिल्यांदाच कानावर आलेली नुसती सापडली. (आभाळाला घालतात ती गवसणी म्हणजे मुळात खोळ, तानपुऱ्यालाही तीच घालतात. तिचा अर्थ निराळा, तिला या चर्चेत ओढू नये.)

क्रियापदाआधी कर्ता बघा

वरच्या दोघांचं बरोबर आहे, पण खरी गंमत वाक्याच्या रचनेत आहे. ‘मी शोधलं’, पण ‘मला सापडलं’. ‘मी’चा ‘मला’ होतो आणि माणूस कर्तेपणावरून पायउतार होतो. गाणं सापडतं, आपल्याला ते सापडतं. गवसण्याचंही तसंच.

आता याच रांगेत दुसरं कोण उभं आहे ते बघा: दिसणे, ऐकू येणे, सुचणे, आठवणे, आवडणे, कळणे, उमगणे, वाटणे. आपण फोटो, गाणी आणि मनातल्या गोष्टींबद्दल बोलतो तेव्हा लागणारी निम्मीअधिक क्रियापदं ‘मला’वालीच आहेत. ‘मी पाहिलं’ आणि ‘मला दिसलं’ हे एक नव्हे. दुपारी मी भिंतीकडे पाहिलं, यात बातमी नाही. खिडकीच्या जाळीची सावली भिंतीवर तिरकी ताणली गेली होती, तिच्या एका चौकोनात पाल बसली होती आणि पालीची सावली पालीपेक्षा लांब होती, हे मला दिसलं. कॅमेऱ्याचा प्रश्न त्यानंतरचा.

कॅमेरा हातात घेतल्यावरही भाषा पूर्ण ताबा देत नाही. फोटो आपण ‘काढतो’ हे खरं, पण लगेच पुढचं वाक्य काय असतं? ‘छान आलाय.’ फोटोतल्या माणसाला सांगताना ‘तू छान आलीयेस’. आणि ‘माझा फोटो कधी चांगला येतच नाही’ ही तक्रार तर सगळ्यांचीच. फोटो येतो! काढणाऱ्याने काय केलं याची दखल कोणी घेत नाही. गाण्यातही तेच. चाल आधी ‘सुचते’, मग संगीतकार ती ‘बांधतो’. सुचेपर्यंत तो ‘त्याला’ असतो, बांधायला घेतली की ‘तो’ होतो.

तेव्हा ‘डिस्कव्हर करणे’ला प्रतिशब्द शोधण्यापेक्षा ते ‘करणे’ काढून टाका. ‘मला ही गायिका सापडली’ या वाक्यात फुशारकी नाही आणि गायिकेचा मानही राहतो.

मग ‘टिपणे’

सापडून झाल्यावर जे करायचं त्याला मराठीत झकास शब्द आहे. पक्षी दाणे टिपतो, टिपकागद शाई टिपतो, पदराने डोळे टिपतात, शिकारी सावज टिपतो, कॅमेरा क्षण टिपतो आणि सुचलेलं वहीत उतरवलं की त्याचं टिपण होतं. गाण्यातली बारीक गोष्ट ‘कानांनी टिपली’ असंही आपण म्हणतो. फोटो, संगीत आणि मनातलं, तिन्हीकडे चालणारं क्रियापद दुसरं दाखवा.

यातल्या प्रत्येक टिपण्यात वस्तू लहान असते आणि अचूक उचललेली असते. चिमणी एका वेळी एकच दाणा उचलते. टिपकागद शाईवर घासायचा नसतो, अलगद टेकवायचा असतो. घासला की अक्षर फिसकटलंच.

फोटोचा अर्थ यात उशिरा शिरला, एवढं नक्की. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची. छायाचित्रणाचा शोध जगापुढे जाहीर झाला १८३९मध्ये, तेव्हा त्या आवृत्तीत फोटोचा अर्थ असणं शक्यच नव्हतं. इंग्रजी ‘स्नॅपशॉट’ हा शब्द शिकाऱ्यांकडून आला: बंदूक खांद्याला लावली न लावली तोच, फारसा नेम न धरता झाडलेली गोळी. १८६०मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने तो छायाचित्राला लावला. आपल्या टिपण्यातही सावज आहेच, पण शेजारी दाणाही आहे. मी दाण्याच्या बाजूचा.

टिपणे पुरे झालं

शब्द छान आहे याबद्दल वाद नाही, पण त्याचं काय करून ठेवलंय बघा. कोणत्याही फोटोखाली ‘अप्रतिम टिपलंय’, ‘भाव अचूक टिपलेत’, ‘क्षण टिपला’. चहाच्या कपाचा फोटो असला तरी क्षण टिपलेला. साधं ‘फोटो काढला’ म्हणायला काय हरकत आहे? ‘कॅमेऱ्यात कैद केलं’ तर त्याहून वाईट. हिंदीतून आलंय आणि गुन्हा काय ते कोणी सांगत नाही.

छाया की प्रकाश?

थोडं अवांतर. फोटोग्राफी या ग्रीक घडणीच्या शब्दाचा अर्थ प्रकाशाने केलेलं लेखन. त्या हिशेबाने ‘प्रकाशचित्र’ जवळचं आणि ‘छायाचित्र’ अगदी उलटं, म्हणून काही जण छायाचित्रावर नाराज असतात. पण छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या टॅल्बट या इंग्रजाने १८३९मध्ये आपल्या पद्धतीची माहिती देणारा जो निबंध लिहिला, त्याच्या एका भागाचं शीर्षकच ‘छाया स्थिर करण्याची कला’ अशा अर्थाचं आहे. त्यामुळे छायाचित्र म्हणणाऱ्यांनी वरमायचं कारण नाही. बोलताना आपण सगळे फोटोच म्हणतो, ते सोडा.

‘हरकत’ आहे

वर कोणीतरी ‘काय हरकत आहे’ लिहिलंय, म्हणून राहवलं नाही. मूळ अरबी हरकत म्हणजे हालचाल. सभेत हरकत घेतली की काम थांबतं, मैफलीत गायकाने हरकत, म्हणजे स्वरांची छोटीशी नक्षी, घेतली की दाद मिळते. तसाच खटका: कॅमेऱ्याचा दाबायचा, गळ्यातून झटकन निघणारा स्वरांचा लहानसा गुच्छ, आणि मनाला खटकतं तेही. म्हणजे तिन्हीकडे चालणारा शब्द टिपणे एकटाच नाही! शिवाय ‘जागा’, म्हणजे गाण्यातलं एखादं सुंदर वळण. ‘काय जागा घेतलीय’ हे ज्याने ऐकलं नाही, त्याला वाटेल घर बांधायला काढलंय.

शेअर करण्याबद्दल

मूळ प्रश्नाचा हा भाग राहूनच गेला. ‘सामायिक’ला झालेला विरोध रास्त आहे. सामाईक विहीर, सामाईक भिंत, म्हणजे दोघांच्या मालकीची, बहुधा भांडणाची. मी ऐकलेलं गाणं तुम्हाला पाठवलं तर ते आपल्या दोघांच्या नावावर होत नाही.

मराठीत एकच शब्द नाही कारण एकाची गरज पडली नाही. फोटो दाखवतात, गाणं ऐकवतात, मनातलं सांगतात. ‘शेअर’ म्हटल्यावर यातलं काय ते कळत नाही, पुढे शेपूट जोडावं लागतं. ‘वाटणे’ आहे, पण तिथे वाटप डोकावतं आणि वाटलेला वाटा देणाऱ्याकडे उरत नाही. तरी ‘मला वाटलं म्हणून वाटलं’ ही कोटी करायची असेल तर तेवढ्यापुरता चालेल.

मनातल्या किरकोळ गोष्टींना ‘चिंतन’ किंवा ‘मुक्तचिंतन’ असं नाव मात्र देऊ नये. चिंतन म्हटलं की पाठ ताठ करावी लागते. ‘स्फुट’ बरा आहे, सुट्या, लहानशा लेखनासाठी रुळलेलाही आहे. ‘टिपण’ त्याहून बरा. आणि बोलण्यात ‘मनात आलं’ इतकंच. बघा, इथेही ते आपणहून येतं.

आभार, आणि एक शंका

‘मला सापडली’ घेते. ‘गवसली’ राखून ठेवते. दाखवणे-ऐकवणे-सांगणे हे इतकं जवळ असून लक्षात आलं नव्हतं. आता शंका: आपल्या आवडीनिवडीचा हिशेब ठेवून यंत्रानेच लागोपाठ पुढे केलेलं गाणं आवडलं, तर ते ‘सापडलं’ म्हणायचं का? तिथे कोणीतरी मुद्दाम ठेवलेलं असतं.

उत्तर

ते ‘पुढ्यात आलं’. जेवायला बसल्यावर येतं तसं. त्यातलं कोणतं आवडलं ते सांगताना सापडलं म्हणा, कोणी हिशेब मागणार नाही. गायिकेचं नाव मात्र अजून सांगितलेलं नाही तुम्ही.