आपत्तिपट, प्रलयपट की जगबुडीचा सिनेमा?

गोरेगावकर
जगाच्या अंतावरच्या एका बिग बजेट इंग्रजी सिनेमाचं मराठी डबिंग आणि उपशीर्षकं अशी दोन्ही कामं सुरू आहेत. प्रसिद्धीच्या मजकुरात 'डिझास्टर मूव्ही'साठी आपत्तिपट, प्रलयपट आणि विनाशपट असे तीन शब्द आले आहेत. संहितेत भूकंप, त्सुनामी, अवकाशातून येणारा खडक, लाव्हा असं सगळंच आहे. कुठे कोणता शब्द वापरावा?

गिरगावकर
आपत्तिपट हे प्रकाराचं नाव. गगनचुंबी इमारत पेटली किंवा जहाज बुडालं, तरी तो आपत्तिपट. प्रलयपट हा त्याचा पोटप्रकार. त्यात पळून जायला दुसरं गावच उरत नाही. विनाशपट सोडून द्या, कारण विनाश पिकाचाही होतो आणि बुद्धीचाही. लिहिताना मात्र जपा. समासात 'आपत्तिपट' ह्रस्व, सुटं लिहिलं तर 'आपत्ती व्यवस्थापन' दीर्घ.

प्रलय म्हणजे महापूर, हा समज खूप पसरला आहे. शब्द आला आहे 'ली' धातूवरून, म्हणजे विरून जाणं, लीन होणं. विष्णुपुराणातला नैमित्तिक प्रलय, म्हणजे ब्रह्मदेवाचा दिवस संपताना होणारा, सुरुवातीला तर कोरडाच असतो. आधी शंभर वर्षं अवर्षण, मग सात सूर्यांचा दाह, मग अग्नी आणि सगळ्यात शेवटी संवर्तक नावाचे प्रलयमेघ येऊन सर्वत्र एकच समुद्र. त्यामुळे सिनेमात पाण्याचा थेंब नसला तरी 'प्रलय' शोभतो. 'जगबुडी' शोभत नाही, तिथे बुडणं शब्दातच आहे.

खेड-मुंबई
जगबुडीबद्दल एक व्यावहारिक अडचण. खेडची नदीच जगबुडी आहे, आणि पावसाळ्यात 'जगबुडीने इशारा पातळी ओलांडली' अशा बातम्या येतात. 'जगबुडी येतेय' असं पोस्टर जुलैत रत्नागिरी जिल्ह्यात लावू नये. लोक खरोखर घाबरतील.

दादरकर
युगान्त आणि कल्पान्त यांतला फरकही इथे कामाचा आहे. २००९ सालचा '२०१२' हा सिनेमा मध्य अमेरिकेतल्या माया संस्कृतीच्या कालगणनेवर उभा आहे. तिच्यात १,४४,००० दिवसांचं एक बाकतून, आणि अशी १३ बाकतूनं म्हणजे १८,७२,००० दिवस, साधारण ५,१२५ वर्षं. ते चक्र २१ डिसेंबर २०१२च्या सुमारास पुरं झालं. कालगणनेच्या हिशेबाने हा युगान्त, जग संपण्याशी त्याचा संबंध नाही. कल्पान्त फार मोठा असतो, ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे ४,३२,००,००,००० वर्षं. माणसांची एक व्यवस्था कोसळली तर युगान्त, पृथ्वीच उरली नाही तर कल्पान्त. तुमच्या सिनेमात शेवटी माणसं वाचतात का, त्यावर ठरवा.

गोरेगावकर
वाचतात, थोडी. म्हणजे युगान्त. आता त्सुनामी. एके ठिकाणी 'भरतीची महालाट' आणि दुसरीकडे 'ओहोटी लागली' असं आलं आहे.

वर्सोवा
दोन्ही काढा. भरती-ओहोटी चंद्रसूर्यामुळे, त्सुनामी बहुधा समुद्रतळ अचानक वरखाली झाल्यामुळे. आपल्याकडे भरती ते ओहोटी सव्वासहा तासांच्या आसपास लागतात. त्सुनामीपूर्वी समुद्र मागे हटला, तर तो काही मिनिटांत हटतो. म्हणून शास्त्रज्ञाच्या तोंडी 'समुद्र मागे हटतोय, किनारा सोडा!' हवं. किनाऱ्यावरचा पर्यटक मात्र 'ओहोटी लागली वाटतं' म्हणू शकतो. तो चुकतो आहे हे प्रेक्षकाला कळायलाच हवं. 'उधाण'ही इथे नको, ते अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीचं नाव आहे. त्याच्या उलट, लहान भरतीला भांग म्हणतात.

वेगाचे आकडेही तपासा. ४,००० मीटर खोल पाण्यात त्सुनामी ताशी ७०० किलोमीटरच्या घरात धावते, १० मीटर खोलीवर ताशी ३६वर येते. वेग घटतो तशी उंची वाढते. किनाऱ्यावरच्या लाटेला 'विमानाच्या वेगाने' हे विशेषण लागलं असेल तर ते खोडा. आणि 'अरबी समुद्रात त्सुनामी येत नाही' असं कुणी पात्र म्हणत असेल तर तेही चूक. २८ नोव्हेंबर १९४५च्या मकरान (पाकिस्तान-इराणचा किनारा) भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत पोचली होती.

लोणारकर
भूकंपाच्या दृश्यात 'तीव्रता १०.५ रिश्टर' असं असणार. बातम्यांत तीव्रता रुळला आहे, पण इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परिमाण भूकंपाचं, म्हणजे किती ऊर्जा सुटली त्याचं माप, ते एकच. तीव्रता जागेची, म्हणजे तिथे हादरा किती बसला, ती गावागणिक बदलते. परिमाण एकाने वाढलं की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोनाने वाढलं की हजार पट. आजवर नोंदलेला सर्वांत मोठा भूकंप चिलीचा, १९६०चा, ९.५. शास्त्रज्ञ बोलतो तिथे 'परिमाण', टीव्हीवरची निवेदिका बोलते तिथे 'तीव्रता' ठेवा. दोघांची भाषा वेगळी ऐकू आली तर चांगलंच.

अवकाशातला खडक 'उल्का' नव्हे. वातावरणात पेटलेली रेघ ती उल्का, जमिनीवर पोचतो तो अशनी, अंतराळात फिरतो तो लघुग्रह. लाव्ह्याचंही तसंच: वितळलेला खडक जमिनीखाली असेपर्यंत शिलारस, बाहेर आला की लाव्हा.

गिरगावकर
'तबाही' आणि 'मलबा' हिंदीतून घुसतील, लक्ष ठेवा. विध्वंस वास्तूंचा, संहार जिवांचा, वाताहत कुटुंबाची किंवा सैन्याची. मलब्याला ढिगारा, आणि बांधकामाचा असेल तर राडारोडा. 'आपल्याकडे चार तास आहेत' हे इंग्रजी वळण झालं, 'चारच तास उरलेत' म्हणा.

गोरेगावकर
शेवटचा प्रश्न. 'इम्पॅक्ट'ला आदळेल, धडकेल की टक्कर?

डबिंगवाली, अंधेरी
टक्कर नको, त्यात दोन्ही बाजू तुल्यबळ वाटतात. अर्थाने 'आदळेल' सर्वांत चांगला. पण क्लोज-अपमध्ये प, फ, ब, भ, म यांच्यावर ओठ मिटलेले दिसतात, आणि 'आदळेल'मध्ये ओठ कुठेच मिटत नाहीत. 'इम्पॅक्ट'मध्ये स्वरानंतर लगेच मिटतात. तिथे 'आपटेल' बसतो, आधी स्वर, मग प. चेहरा दूर असेल किंवा पाठमोरा असेल तिथे 'आदळेल'. उपशीर्षकात ओठांचा प्रश्नच नाही, म्हणून तिथे सगळीकडे 'आदळेल' ठेवा. मात्र डबिंग आणि उपशीर्षकं एकत्र लावून पाहणारे असतात, त्यांना त्या एकदोन ठिकाणी शब्द वेगळे दिसतील. ते चालतं.