मदत हवी आहे: माडीवरची हाय-फाय, घूं आवाज आणि एकच स्विचबोर्ड

माडीवाला:

मंडळी, दिवाळीच्या आधी रंगारी येणार आहे. भिंत फोडायची, नवा पॉइंट काढायचा किंवा शेल्फ ठोकायचं ते त्याआधी उरकायला हवं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, जुनं. ऐकायची खोली माडीवर, 14 बाय 12 फूट, उंची 10. जमीन फळ्यांची. मागची 14 फुटी भिंत दगडी, चांगली दीड-दोन फूट जाडीची, बाकीच्या विटांच्या. बोर्ड एकच, खिडकीशेजारी: दोन 6 अँपिअरचे आणि एक 16 अँपिअरचा सॉकेट. त्याच लाइनवर खालचा फ्रिज आणि मिक्सर आहे असा माझा अंदाज, कारण मिक्सर लावला की स्पीकरमध्ये करकर येते.

सामान: इंटिग्रेटेड अ‍ॅम्प (60 वॅट प्रति चॅनेल, आत टोरॉइडल, म्हणजे कड्यासारखा गोल ट्रान्सफॉर्मर), बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल (तबकडी वाजवणारं), त्यावर साधी एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिज, म्हणजे सुईचा भाग, वेगळा फोनो स्टेज (तिचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा), सीडी प्लेअर, आणि टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स आरसीए केबलने अ‍ॅम्पला. स्पीकर मध्यम आकाराचे, मागे पोर्ट (हवेचं भोक) असलेले. हे सगळं 12 फुटी भिंतीला लागून असलेल्या एका लाकडी शोकेसमध्ये. अ‍ॅम्प खालच्या कप्प्यात, बरोबर त्याच्या डोक्यावर टर्नटेबल, आणि शोकेसच्या वरच दोन टोकांना स्पीकर. बोर्डापासून एक एक्स्टेंशन, तिला स्पाइकबस्टर (सर्ज प्रोटेक्टर असलेली प्लगपट्टी), त्याला बाकी सगळं. मागे वायरींचा गुंता असा की सिग्नलची कुठली आणि पॉवरची कुठली ते ओढून बघितल्याशिवाय कळत नाही.

आता तक्रारी.

पहिली, घूं. फोनो निवडला आणि आवाज थोडा वाढवला की सुरू. व्हॉल्यूम कमी केला की कमी होतो. सीडीवर जवळजवळ नाही. पण सेट-टॉप बॉक्सची केबल अ‍ॅम्पला लावली की कुठल्याही इनपुटवर घूं येतो, आणि छतावरच्या डिशची वायर बॉक्समधून काढली की जातो. विलंबित ख्याल ऐकताना हा छळ होतो. पेटीवर जुळवून बघितलं, माझा घूं पांढरी पाचच्या आसपास लागतो, किंचित चढा. म्हणजे पांढरी एकमध्ये गाणाऱ्याला पंचमाची संगत फुकट, पण बेसूर.

दुसरी, पंख्याचा रेग्युलेटर तीनवर असला की फोनोमध्ये बारीक चर्रर्र. पाचवर नाही, बंद केला तर नाही.

तिसरी, कोणी खोलीत चाललं की सुई उडते. आणि आवाज मोठा केला की तबकडीवर खालच्या पट्टीत एक गुरगुर वाढत जाते, व्हॉल्यूम उतरवेपर्यंत थांबत नाही.

चौथी, डग्गा. माझ्या दिवाणावर बसलं की डग्गा घुमतो, खोलीच्या मधोमध उभं राहिलं की गायब.

आणि एक, जी मी साउंडच्या तक्रारीत धरत नव्हतो: अनवाणी असताना अ‍ॅम्पच्या पुढच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. मल्टीमीटरने बोर्डात मोजलं. फेज–न्यूट्रल 234, फेज–अर्थ 198, न्यूट्रल–अर्थ 36 व्होल्ट.

दुकानदाराचं म्हणणं, पॉवर कंडिशनर (येणारी वीज साफ करणारा डबा) घ्या, सगळं जाईल. किंमत माझ्या अ‍ॅम्पपेक्षा जास्त. एका मित्राचा सल्ला, अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन काढून टाक, घूं बंद. दोन्ही पटत नाही, पण मग करू काय? 16 अँपिअरची वेगळी लाइन ओढू का? टर्नटेबल कुठं ठेवू? घरात इन्व्हर्टरही आहे, स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे चौकोनी लाटेचा. वीज गेल्यावर त्याच्यावर सिस्टिम चालवावी का?

सोळाअँपिअर:

झिणझिण्यांची शेवटची तक्रार पहिली घ्या. न्यूट्रल–अर्थ 36 व्होल्ट म्हणजे तुमच्या बोर्डात अर्थचं भोक आहे, अर्थ नाही. नीट अर्थिंग असेल तर तिथं एक-दोन व्होल्ट दिसायला हवेत. आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून थोडा करंट पत्र्यावर येतो. त्याला जमिनीत जायला वाट नाही म्हणून तो तुमच्या हातातून जातो. आज झिणझिण्या आहेत. आत एखादी फेज वायर सुटून पत्र्याला टेकली तर झिणझिण्यांवर भागणार नाही.

मित्राला चहा पाजा, सल्ला घेऊ नका. अर्थची पिन काढून घूं जातो हे खरं, पण त्यासोबत तुमचा जीव वाचवणारी एकमेव तार जाते.

वायरमन बोलवा आणि मीटरपासून बोर्डापर्यंत अर्थची तार तपासून घ्या. जुन्या घरात ती बहुतेक कुठंतरी रंगाखाली तुटलेली असते, किंवा अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं कोरडा पडलेला असतो. एक गोष्ट मात्र त्याच्या डोक्याशी उभं राहून बघा: बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून ‘झालं काम’ म्हणून जाऊ देऊ नका. झिणझिण्या थांबतात, मीटरवर शून्य दिसतं, आणि ज्या दिवशी मागचा न्यूट्रल तुटतो त्या दिवशी अ‍ॅम्पच्या पत्र्यावर पूर्ण 230 येतात. सोबत 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या.

वेगळी लाइन ओढणार असाल तर ओढा, पण ताकदीसाठी नाही. 6 अँपिअरच्या पॉइंटमधून 1380 वॅट मिळतात. तुमची सगळी सिस्टिम नेहमीच्या आवाजाला शंभर-दीडशे वॅटसुद्धा मागत नाही. फायदा एवढाच की फ्रिज-मिक्सर वेगळे होतील आणि सगळी उपकरणं एकाच ठिकाणी, एकाच अर्थवर येतील. डीबीपासून (घराच्या मुख्य वाटप पेटीपासून) 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, स्वतंत्र एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच), शोकेसमागे चार-पाच सॉकेटचा एकच बोर्ड. एक्स्टेंशनला एक्स्टेंशन बंद.

डिशचा घूं वेगळा आहे. डिशची केबल दुसरीकडून जमिनीला टेकते, अ‍ॅम्प इकडून. मध्ये सिग्नलच्या केबलच्या शील्डमधून (बाहेरच्या जाळीतून) करंट फिरतो. बॉक्स आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारांचा थेट जोड न ठेवता सिग्नल पुढं नेणारा) लावा. बॉक्सला ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाच्या केबलचं आउटपुट असेल आणि अ‍ॅम्प किंवा डीएसीला (डिजिटल सिग्नल अ‍ॅनालॉग करणाऱ्या डब्याला) तसं इनपुट असेल तर आणखी सोपं. प्रकाशातून अर्थ जात नाही.

पंख्याचा रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक आहे. तो प्रत्येक अर्ध्या लाटेचा तुकडा कापतो, त्या कापाचा तो चर्रर्र. पाचवर कापत नाही म्हणून तिथं शांत. कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर बसवा, किरकोळ खर्च.

इन्व्हर्टरवर नको. चौकोनी लाटेवर टोरॉइड नुसता कुरकुरतो, वर गरम होतो.

तांबडापांढरा:

लई भारी सिस्टिम आहे, फक्त एकमेकांच्या डोक्यावर बसलीये. मी जागेचं बोलतो.

एमएम कार्ट्रिजचा सिग्नल 5 मिलिव्होल्टच्या आसपास असतो, फोनो स्टेज तो साधारण शंभरपट करतो. आणि तुम्ही ती कार्ट्रिज पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर धरली आहे. तो जे चुंबकीय क्षेत्र सोडतो तेसुद्धा शंभरपट. खात्री करायची तर फोनो चालू ठेवून, सुई वर उचलून, टर्नटेबल हातात धरून हळूहळू लांब न्या. घूं अंतराबरोबर झपाट्याने पडला तर कारण तेच. टर्नटेबलची बारीक अर्थची तार फोनो स्टेजच्या स्क्रूला घट्ट आहे का तेही बघा.

तुमच्याकडं दीड-दोन फुटाची दगडी भिंत आहे आणि तुम्ही टर्नटेबल फळ्यांच्या जमिनीवरच्या शोकेसमध्ये ठेवता? मर्दा! त्या भिंतीला ब्रॅकेट ठोका. शिवाजी उद्यमनगरात अँगल कापून वेल्ड करून देणारे ढीग आहेत. चालल्याने सुई उडणं आणि ती गुरगुर, दोन्ही तिथंच सुटतील, कारण गुरगुर म्हणजे स्पीकरचा हादरा शोकेसमधून सुईत, सुईतून परत स्पीकरमध्ये. फोनो स्टेज टर्नटेबलच्या शेजारीच ठेवा: टर्नटेबलपासून तिथवरची केबल आखूड हवी, कारण केबलच्या कपॅसिटन्सने एमएमचा वरचा सूर बिघडतो. पुढची अ‍ॅम्पपर्यंतची लांब चालते.

स्पीकर शोकेसवरून उतरवा, स्टँडवर ठेवा, ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला. त्यांच्या मागची भिंत सोडून दोन फूट तरी पुढं. डग्ग्याचं कारण खोलीची मापं: 14 फुटांत सुमारे 40 हर्ट्झचा सूर घुमतो, 12 फुटांत 47चा. भिंतीला टेकून बसलात की हे सूर जोरात, मधोमध जवळजवळ शून्य. दिवाण भिंतीपासून दोन-तीन फूट पुढं ओढा आणि मग ऐका. स्पीकरच्या तारेला 2.5 चौरस मिलिमीटरची साधी मल्टिस्ट्रँड पुरे. पाच मीटर जाऊन-येऊन रोध 0.08 ओमसुद्धा होत नाही, 8 ओमच्या स्पीकरला तो जाणवणारच नाही.

पॉवरच्या आणि सिग्नलच्या तारा समांतर बांधू नका. एकमेकांना ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

माडीवाला:

वायरमन येऊन गेला. अर्थची तार जिन्याखाली सांध्यात पूर्ण गंजून सुटली होती. नवी ओढली, न्यूट्रल–अर्थ आता दीड व्होल्ट. झिणझिण्या गेल्या. टर्नटेबल हातात धरून लांब नेलं, दोन हातांवर गेल्यावर घूं ऐकू येईना. डिशचा घूं मात्र आहे तसाच, ट्रान्सफॉर्मर मागवतोय. कंडिशनरचा विषय बंद.

ब्रॅकेटचं विचारतो: दगडाच्या सांध्यात चुना आहे, तिथं अँकर (भिंतीत रुतवायचा बोल्ट) धरेल का? आणि वळवात वीज कडाडते तेव्हा सर्ज प्रोटेक्टरवर भरवसा ठेवायचा का?

सोळाअँपिअर:

चुन्यात नको, दगडातच भोक पाडा, हॅमर ड्रिलने, केमिकल अँकर (भोकात चिकटद्रव्य भरून बसवायचा) घाला. सर्ज प्रोटेक्टर तो लोंढा अर्थमध्ये सोडतो, म्हणजे कालपर्यंत तुमच्या स्पाइकबस्टरला त्या बाबतीत फारसं काही करता येत नव्हतं. आता थोडं करेल. वळवात गडगडायला लागलं की प्लग काढा, आणि डिशची वायरही.