मुलगी म्हणते "बाबा, जीन म्हणजे रिलेच". खरं आहे का हो?

पॅनलवाले_काका, बडोदा
नमस्कार मंडळी, प्रश्न लांब आहे, सांभाळून घ्या. मी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कंट्रोल पॅनल बनवतो, पंचवीस वर्षं झाली, आधी नुसतं रिले-कॉन्टॅक्टरचं (विजेनं चालणाऱ्या स्विचचं) काम, आता बहुतेक पीएलसी, म्हणजे तेच काम प्रोग्रामनं करणारा कंट्रोलर. बायोलॉजीशी माझा संबंध शाळेत बेडकाची आकृती काढली तेवढाच. मुलीची यंदा दहावी झाली नि घरात अकरावीला ए ग्रुप (मॅथ्स) की बी ग्रुप (बायो) यावरून रोज कटकट चालू आहे. मला वाटत होतं मॅथ्स घेईल, इंजिनियरिंग करेल, पुढे पॅनलचं नाही तरी त्याच्या आसपासचं काहीतरी. तर ही म्हणते मला सिंथेटिक बायोलॉजी करायचंय. मी विचारलं म्हणजे प्लास्टिकचे प्राणी का, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुम्ही पॅनलमध्ये करता तेच आहे बाबा, फक्त बॅक्टेरियाच्या आत. रिलेच्या जागी जीन."
ऐकायला झकास वाटतं. पण रिले मी हातात धरलाय, कॉइलला चोवीस व्होल्ट दिले की खट् वाजतो. जीन काय वाजतो? कोणी यातलं असेल तर सरळ सांगा, ही कॉम्प्युटरशी तुलना खरी किती आणि यूट्यूबवाल्यांची किती. आणि ए, बी की एबी (मॅथ्स-बायो दोन्ही) तेही सांगा. आमच्या आईचं मत सीए करावं असं आहे, ते बाजूला ठेवा.

विरजण
काका, मुलगी बरोबर बोलली, आणि खरं सांगू का, हे तुम्हाला सॉफ्टवेअरवाल्यांपेक्षा लवकर कळेल. मी एमएस्सी बायोटेक, सध्या पादऱ्याकडे एका प्लांटवर फर्मेंटर (सूक्ष्मजीव वाढवायच्या टाक्या) सांभाळतो.
मोटर दोन्ही दिशांना फिरवणारे फॉरवर्ड-रिव्हर्स स्टार्टर तुम्ही शेकड्यांनी केले असतील. फॉरवर्डचा एनसी (एरवी जोडलेला, कॉइल ओढली की तुटणारा कॉन्टॅक्ट) रिव्हर्सच्या कॉइलच्या लाइनीत, रिव्हर्सचा एनसी फॉरवर्डच्या, म्हणजे एक ओढला गेला की दुसरा लागूच शकत नाही. बस, आता कॉन्टॅक्टर काढा नि दोन जीन ठेवा. पहिल्या जीनपासून जे प्रोटीन बनतं ते दुसऱ्या जीनच्या तोंडाशी जाऊन बसतं नि त्याला चालूच होऊ देत नाही, दुसऱ्याचं प्रोटीन पहिल्याला तसंच दाबून धरतं. जानेवारी २००० च्या 'नेचर'मध्ये गार्डनर, कँटर आणि कॉलिन्स यांनी हे ई. कोलाय बॅक्टेरियात करून दाखवलं, नाव दिलं टॉगल स्विच. आयपीटीजी नावाचं केमिकल घातलं की स्विच एका बाजूला पडतो, थोडा वेळ तापवलं की दुसऱ्या बाजूला. आणि मजा म्हणजे केमिकल धुऊन टाकलं तरी जिथे पडला तिथेच राहतो. स्टार्टचं बटण सोडल्यावर मोटर चालू राहते ना, तेच. एक बिट मेमरी झाली की ही.
त्याच अंकात एलोविट्झ आणि लाइब्लर यांचा पेपर होता. तीन जीन गोलात, पहिला दुसऱ्याला दाबतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा परत पहिल्याला. त्यामुळे कोणीच स्थिर बसत नाही, पाळीपाळीने उठतात नि झोपतात. पॅनलवर इंडिकेटर लॅम्प लावता तसं त्यांनी जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रोटीन जोडलं होतं, पेशी उजळते नि विझते. एक फेरा सुमारे अडीच तासांचा. तेवढ्यात तर बॅक्टेरिया दोनदा दुभागतो, म्हणजे घड्याळ आजीनं चालू केलं नि ठोका नातीनं ऐकला.
आणि स्विच माणसानं शोधलाय असंही नाही. ई. कोलाय दुधातली साखर, लॅक्टोज, पचवायची एन्झाइम्स उगाच बनवत बसत नाही. लॅक्टोज आहे आणि ग्लुकोज नाही, असं असेल तरच ती लाइन जोरात चालू. तुमच्या भाषेत एक एनओ (एरवी तुटलेला, ओढला की जोडणारा) नि एक एनसी सिरीजमध्ये. यातला लॅक्टोजचा स्विच जाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये उलगडला, १९६५ साली नोबेलही मिळालं. सिंथेटिक बायोलॉजीवाल्यांनी एवढंच म्हटलं की निसर्गाच्या पॅनलमधले सुटे रिले काढू नि आपल्या ड्रॉइंगप्रमाणे परत वायरिंग करू.

नल_पॉइंटर
मी विरजणभाऊंच्या उत्साहावर थोडं पाणी ओततो, माफ करा. मी अठरा वर्षं कोड लिहितोय नि "डीएनए म्हणजे कोड" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.
साठवण्यापुरतं ठीक आहे. चार अक्षरं, ए टी जी सी, म्हणजे एका अक्षराला दोन बिट. ई. कोलायचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, साधारण ४६ लाख अक्षरांचा, हिशोब करा, साडेअकरा लाख बाइट. आपल्या वेळची १.४४ एमबीवाली फ्लॉपी आठवते? तिच्यावर अख्खा बॅक्टेरिया मावतो नि जागा उरते. हे मला आवडतं, खोटं कशाला बोलू.
पण पुढे? क्रेग व्हेंटर या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या टीमनं २०१६ मध्ये एका बॅक्टेरियाचे जीन कमी करत करत ४७३ वर आणले, याहून काढले तर तो नीट जगत नाही. त्या ४७३ पैकी १४९ जीन नेमकं काय करतात हे त्यांनाच सांगता आलं नाही! म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा. मी एका जुन्या कंपनीचं कोबोल या जुन्या भाषेतलं सॉफ्टवेअर सांभाळलंय, लिहिणारा केव्हाच रिटायर, कमेंट शून्य, एक ओळ काढली की तिसऱ्याच रिपोर्टचे आकडे चुकायचे, तरी त्यातलं निदान ऐंशी टक्के आम्हाला कळत होतं. आणि बग म्हणाल तर त्याच टीमचं २०१० चं काम बघा, सुमारे १०.८ लाख अक्षरांचा जीनोम केमिकलपासून बनवून दुसऱ्या पेशीत चढवला. त्याआधी काही आठवडे गाडी अडकली होती, का, तर एका गरजेच्या जीनमध्ये एक अक्षर गळलं होतं. एक! सेमिकोलन विसरल्यासारखं, फक्त इथे लाइन नंबर सांगणारं कोणी नाही, पेशी नुसती उठत नाही.

विरजण
नलभाऊ, पटलं, पण तुम्ही जिथे बोट ठेवलंत त्याहून मोठी भानगड दुसरीकडे आहे, नि ती काकांना लगेच दिसेल. पेशीत वायर नाही.
पॅनलमध्ये एका रिलेचा सिग्नल दुसऱ्याला जातो कारण तुम्ही मधे तांब्याची वायर ओढता. पेशीत प्रोटीन बनलं की ते सगळीकडे फिरतं. नवरात्रात आपल्या गरब्याच्या मैदानात हजारोंच्या गर्दीत "ए पिंकी" म्हणून ओरडून बघा, चाळीस पिंक्या वळतील. म्हणून इथे प्रत्येक सिग्नलला वेगळी हाक लागते, एक प्रोटीन फक्त आपल्याच डीएनएच्या तुकड्याला चिकटेल नि बाकीच्यांकडे बघणारही नाही असं. तुम्ही एकाच मेकचे पन्नास रिले आणून पॅनल भरता, आमच्याकडे एकदा वापरलेला रिले त्याच पेशीत दुसऱ्या कामाला चालत नाही. एकमेकांत न गोंधळणारे भाग मिळतात डझन-दीड डझन, मग सर्किट मोठं कसं होणार?
तरी लोकांनी कंपायलर केलाय बरं का. एमआयटीच्या व्होइट यांच्या लॅबमध्ये, नाव 'सेलो', २०१६. चिप डिझाइनवाले वापरतात ती व्हेरिलॉग भाषा, तिच्यात लॉजिक लिहा, तो डीएनएची अक्षरं काढून देतो. साठ सर्किटं बनवली, पंचेचाळीस बरोबर चालली, हात न लावता.
आता माझी स्वतःची फजिती. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी ई. कोलायमध्ये त्या हिरव्या प्रोटीनचा प्लास्मिड घातला होता. प्लास्मिड म्हणजे डीएनएची सुटी गोल रिंग, पेनड्राइव्ह समजा, आणि तिच्यावर अँपिसिलिन हे अँटिबायोटिक पचवायचा जीनही असतो, म्हणजे अँपिसिलिन घातलेल्या प्लेटवर ज्यांच्याकडे रिंग आहे तेच वाढतात. पहिल्या दिवशी निळ्या दिव्याखाली प्लेट धरली नि सगळे ठिपके हिरवेगार, मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, मावशीनं विचारलं वाटाणे का रे. मग मी शहाणा, अँपिसिलिन वाचवायला आठवडाभर साध्या ब्रॉथमध्येच (बॅक्टेरियाच्या पातळ खाद्यात) रोज नवीन फ्लास्कला लावत गेलो. आठव्या दिवशी गाइडसमोर प्लेट ठेवली तर निम्म्याहून जास्त ठिपके पांढरे. कोणी काही तोडलं नव्हतं, डिझाइनही बरोबर होतं. हिरवं प्रोटीन बनवायला बॅक्टेरियाला खर्च येतो, ज्याच्या वाट्याला चुकून रिंग आली नाही तो हलका होऊन भराभर वाढला, नि आठवड्यात फ्लास्क त्याच्याच बापाचा. तुमच्या पॅनलमधला रिले कधी म्हणतो का की हे काम मला जड होतंय, मी उतरतो? आमचा म्हणतो, नि त्याची पोरं नंतर तुमच्या पोरांना खाऊन टाकतात.

पॅनलवाले_काका
अरे वा. म्हणजे आम्ही वायरच्या दोन्ही टोकांना नंबरचा फेरूल (नंबर छापलेली छोटी नळी) घालतो, तुमच्याकडे वायरच नाही, नुसता फेरूल हवेत फिरतोय नि ज्याचा नंबर जुळेल तिथे चिकटतोय. हे मला कळलं. एक विचारू, पॅनल चाललं नाही तर मी टेस्ट लॅम्प घेऊन एकेक पॉइंट बघतो. तुम्ही काय करता?

विरजण
टेस्ट लॅम्प म्हणजे तेच हिरवं प्रोटीन, पण तो लॅम्पही लोडच आहे, लावला की सर्किट बदलतं. बाकी डीएनए सिक्वेन्सिंगला, म्हणजे अक्षरं वाचून घ्यायला, पाठवायचा नि वाट बघायची. तुम्ही बदल केला की दहा मिनिटांत पॅनल चालू करता, आमचा एक बदल म्हणजे डीएनए ऑर्डर करा, येईपर्यंत थांबा, पेशीत घाला, रात्रभर वाढवा, दुसऱ्या दिवशी कळतं की भलतंच वाढलंय.

गुरुवार_बाजार
मी रिटायर्ड बायो टीचर, बी ग्रुपला वीस वर्षं शिकवलंय, म्हणून शेवटच्या प्रश्नाला मी हात घालते. विरजण आणि नल दोघं मस्त भांडले पण काकांनी विचारलं होतं मुलीनं काय घ्यावं.
आधी हे की खेळण्यातले स्विच म्हणजेच हा विषय नाही. बॅक्टेरियात माणसाचं इन्सुलिन १९७८ मध्ये बनलं, १९८२ पासून बाजारात आहे, आपल्या प्रत्येक घरात कोणीतरी टोचून घेतंय. मलेरियाचं आर्टेमिसिनिन एका झाडापासून काढायचे, कीसलिंग यांच्या बर्कलीतल्या लॅबनं २००६ मध्ये यीस्टकडून त्याच्या अलीकडच्या टप्प्याचं अॅसिड बनवून घेतलं, २०१३ मध्ये सानोफीनं मोठ्या प्रमाणात उत्पादन सुरू केलं. आणि मग झाडाचंच आर्टेमिसिनिन स्वस्त झालं नि यीस्टवाल्यांना गिऱ्हाईक मिळेना! मुलीला हेही सांगा. आणि काका, हरगोविंद खुराना यांचं नाव सांगा, १९७० मध्ये ७७ अक्षरांचा जीन त्यांच्या टीमनं हातानं जोडला होता, तेव्हा मशीन नव्हती.
आता ग्रुप. माझ्या वर्गात मॅथ्सला घाबरून बायो घेणाऱ्या मुलीच जास्त असायच्या. हा विषय त्यांच्यासाठी नाही. ते तीन जीनचं घड्याळ आधी कागदावर डिफरन्शियल इक्वेशननं बसवलं होतं, मग पेशीत. आयसर या सरकारी विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो चारही असतात, प्रत्येकी पंधरा प्रश्न. म्हणून झेपत असेल तर एबी. बोजा आहे, खोटं सांगत नाही, दुपारी झोपायला मिळणार नाही. नाही झेपलं तर ए घ्या नि बायो घरी वाचा, उलटं करू नका, मॅथ्स घरी कोणी वाचत नाही. आणि कॉलेजला गेली की आयजेम नावाची स्पर्धा असते, एमआयटीत २००३ च्या एका छोट्या कोर्समधून निघालेली, आयआयटी मद्रास, आयसर पुणे इथल्या टीम गेल्यात, त्यावर नजर ठेवायला सांगा.

नल_पॉइंटर
मॅडमना +१. मॅथ्स सोडू नका.

पॅनलवाले_काका
सगळ्यांचे आभार. काल रविवारी कारखान्यातून तीन चोवीस व्होल्टचे रिले नि एक पॉवर सप्लाय घरी आणला, डायनिंग टेबलवर ते तीन जीनचं गोल सर्किट बांधलं, पहिल्याचा एनसी दुसऱ्याच्या कॉइलला, असं फिरवत. नुसतं बांधलं तर भुंग्यासारखं घूं वाजत होतं म्हणून प्रत्येक कॉइलला हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. तर तिन्ही एकदम खट्, एकदम बंद, पाळीपाळीने काही जायलाच तयार नाहीत. मी ड्रॉइंग तपासत बसलो. ही म्हणाली, "बाबा, तिघं अगदी सारखे आहेत म्हणून. एकाचा कपॅसिटर बदला, पेशीत कोणीच कोणासारखं नसतं." एकाला चारशे सत्तरचा लावला नि लागले की पाळीपाळीने फिरायला, खट्... खट्... खट्. आई आतून ओरडली, पाल चुकचुकतेय का रे.
एबीचा फॉर्म भरला.