बदक वापरलं म्हणजे सुटलो?

चौकस
काल एका मित्रवर्यांनी फर्मावलं, "गूगल वापरणारे गुलाम. डकडकगो हे शोधयंत्र (डक म्हणजे बदक) लावा, मोकळे व्हा." प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा. साहेब, बदकाच्या पोटात बिंग, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं शोधयंत्र आहे. नेहमीचे दुवे बहुतांशी मायक्रोसॉफ्टकडूनच येतात. 23 मे 2024 ला बिंग बसलं, बदकही आडवं. एका सावकाराकडून सुटून दुसऱ्याच्या दारात गेलात, एवढंच. शिवाय मराठीत गावपातळीचं काही शोधा, हमखास तोंडघशी पडाल.

निवांत
बिंगचं ते स्वतःच सांगतात, गौप्यस्फोटाचा आव कशाला? मुद्दा असा की शोध माझ्या नावावर जमा होत नाही आणि जाहिरात त्या शब्दापुरती दिसते. वडिलांच्या औषधाचं नाव एकदा (दुसरीकडे) शोधलं, तर महिनाभर जिकडेतिकडे त्याच आजाराच्या जाहिराती. घरी कोणाला सांगितलं नव्हतं. आईने माझ्याच फोनवर बघितलं.

चौकस
वाईट झालं. पण 2022 मध्ये त्यांचाच ब्राउझर मायक्रोसॉफ्टचे ट्रॅकर, म्हणजे तुमच्या मागावर असणारे हेर, न अडवता सोडून देत होता, करारामुळे. ते सोयीस्कर विसरलात?

निवांत
ब्राउझर आणि शोधयंत्र यातला फरक कळत नसेल तर बोलणंच खुंटलं. ऑगस्टपर्यंत निस्तरलं त्यांनी.

चौकस
बोंब झाल्यावर!

सातबारा_पीडित
तुमची बदकं चालू द्या. कुठेही 'सातबारा' टाका, वर जाहिरात. मामांनी तसल्याच एका साइटवर 350 रुपये भरले, हातात आली विनासहीची प्रत. महाभूलेख या सरकारी साइटवर ती फुकट दिसते. डिजिटल सहीचा उतारासुद्धा 15 रुपयांत मिळतो.

कोकणी_मेवा
पैसे भरण्याआधी पत्ता वाचायचा. जीओव्ही डॉट इन नसेल तर निघायचं. इतकं सोपं आहे.

सातबारा_पीडित
मामांच्या फोनवर पत्त्याची निम्मी अक्षरं दिसतात, त्यात चष्मा देवळीत. तुमच्या घरी सगळे संगणक अभियंते असतील.

कोकणी_मेवा
घरच्यांवर जाऊ नका. आमच्या नाक्यावरचा झेरॉक्सवाला उताऱ्याचे 50 घेतो, त्यावर कोणी धागा काढत नाही.

सातबारा_पीडित
त्याची गचांडी धरता येते. साइटवाल्याची कुठून धरू?

चौकस
अहो, धागा जमिनीचा नाही!

निवांत
आहे की. फुकट शोधाचं भाडं कोण भरतं, हाच तर विषय. हं, बदकावरच्या जाहिरातीही मायक्रोसॉफ्टच्याच जाळ्यातून येतात, तेव्हा मामा तिथेही फसू शकले असते. हे देतो तुम्हाला. पण गूगल चांगलं म्हणून लोक वापरतात असं म्हणू नका. आयफोनवर आधीपासून तेच राहावं म्हणून त्यांनी 2022 मध्ये ॲपलला 20 अब्ज डॉलर मोजले. 2024 मध्ये अमेरिकेतले न्यायमूर्ती अमित मेहतांनी ही बेकायदा मक्तेदारी ठरवली.

चौकस
बरं बाबा, जिंकलात. ऑफिसच्या लॅपटॉपवर लावतो बदक. शोधशब्दासोबत उद्गारचिन्ह-डब्ल्यू (!w) टाकून थेट विकिपीडियावर जाता येतं, ते मात्र झकास आहे. आणि अडलं की उद्गारचिन्ह-जी (!g), चलो गूगल!

निवांत
तिथे पोचलात की गूगलला तुम्ही दिसणारच. मग कशाला लावता?

चौकस
तुमच्या समाधानासाठी.

सातबारा_पीडित
भांडण झालं असेल तर 8अ कुठे मिळतो ते सांगा.

कोकणी_मेवा
महाभूलेखवरच. जाहिरातींच्या खाली बघा.