मदत हवी आहे : गावी असलेल्या बाबांचा नंबर बीएसएनएलला पोर्ट करावा का, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलावी का? (बटणांचा फोन, कमी वापर)

नमस्कार मंडळी,

आई-बाबा राजापूर तालुक्यात गावी असतात, मी पुण्यात. दोघांचे रिचार्ज मीच इथून मारतो. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी दर वाढवल्यापासून बाबांच्या नंबरवरचा खर्च मला खटकतोय. नेमका सल्ला हवा आहे, म्हणून परिस्थिती जरा सविस्तर लिहितो.

बाबांकडे साधा बटणांचा, फक्त जुन्या टू-जी नेटवर्कवर चालणारा फोन आहे, दोन सिमचा. इंटरनेट ते वापरत नाहीत आणि वापरायची त्यांची इच्छाही नाही. फोन लागतो तो आत्याशी, माझ्याशी आणि वाडीतल्या चार जणांशी बोलायला. पण त्यांचा नंबर पेन्शनच्या बँक खात्याला, आधारला आणि गॅसच्या बुकिंगला जोडलेला आहे. म्हणजे बोलणं थोडंच असलं तरी नंबर बंद पडून चालणार नाही, आणि ओटीपी वेळेवर यायला हवा. आईचा स्मार्टफोन घरच्या वायफायवर चालतो, त्यामुळे तिचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

आत्ता बाबांना २८ दिवसांचा १९९ चा प्लान मारतो. त्यात २ जीबी डेटा येतो, तो दरवेळी तसाच वाया जातो. शिवाय २८ दिवसांचा हिशेब म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. १३ गुणिले १९९ म्हणजे २,५८७ रुपये. दिवसाला सात रुपयांच्या वर, आणि तेही बहुतेक न वापरलेल्या डेटासाठी. २०१८ च्या अखेरीस दोन मोठ्या कंपन्यांनी इनकमिंग चालू ठेवायलाही ३५ रुपयांचा रिचार्ज सक्तीचा केला तेव्हा आपण कुरकुर केली होती. आता त्या ३५ चे १९९ झाले आहेत. ज्याला फक्त फोन उचलायचा आहे, अशा म्हाताऱ्या माणसावर हा बोजा अन्यायाचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

समोर तीन वाटा दिसतात.

पहिली वाट फक्त कॉलच्या प्लानची. ट्रायने (दूरसंचार नियामकाने) डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लान ठेवायला सांगितलं आणि अशा प्लानची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने ४६९ (८४ दिवस) आणि १,८४९ (३६५ दिवस) असे प्लान आणले. जिओचे ४४८ (८४ दिवस) आणि १,७४८ (३३६ दिवस). १,८४९ चा धरला तर दिवसाला पाच रुपये पडतात आणि बोलणं अमर्याद. जिओचा १,७४८ चा आकडा लहान दिसतो, पण मुदत ३३६ दिवसांची असल्याने तोही रोजचा पाच रुपयांच्या थोडा वरच जातो.

दुसरी वाट बीएसएनएलचा १,१९८ चा वर्षाचा प्लान. दर महिन्याला ३०० मिनिटं, ३ जीबी आणि ३० एसएमएस. दिवसाला सव्वातीन रुपये. महिन्याला ३०० मिनिटं म्हणजे रोज दहा मिनिटं, आणि बाबांना ती पुरतात. लांबलचक फोन समोरूनच येतात.

तिसरी वाट बीएसएनएलचे छोटे रिचार्ज, १०७ वगैरे. पण या प्लानांची किंमत तीच राहते आणि दिवस कमी होत जातात. १०७ ची मुदत पूर्वी ३५ दिवस होती, नंतर कमी केली. वर्षाचा प्लान एकदा मारला की तेवढं वर्ष तरी निर्धास्त.

कागदावर १,१९८ सरळ जिंकतो. अडतंय ते रेंजवर. आमचं घर चिऱ्याचं, जाड भिंतींचं, वाडी डोंगराच्या कुशीत. सध्याच्या कंपनीची रेंज खळ्यात चांगली, पडवीत बरी आणि माजघरात जेमतेम आहे. बीएसएनएलचं तिथे कसं चालेल याचा अंदाज पुण्यात बसून येत नाही. आणि पावसात रात्री-अपरात्री बाबांना कुणाला तरी फोन लावावा लागला तर तो लागलाच पाहिजे. १,८४९ च्या तुलनेत वर्षाला साडेसहाशे रुपये वाचवण्यासाठी ती खात्री मी सोडणार नाही.

तर प्रश्न असे :
१. पोर्ट करण्याआधी रेंजची खात्री कशी करायची?
२. बटणांच्या टू-जी फोनवर पुढेही चालेल असं काय घ्यावं?
३. '२० रुपये बॅलन्स ठेवा, सिम चालू राहतं' असा मेसेज फिरतोय. त्यावर विसंबावं का?

प्रतिसाद १

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात पुष्कळ लोक फसतात. २० रुपयांचा नियम ट्रायचा आहे आणि २०१३ पासूनचा आहे. पण तो नंबर न वापरल्यामुळे कायमचा काढून घेण्याबद्दल आहे. ९० दिवस काहीच वापर झाला नाही, तरी खात्यात २० रुपये असतील तर त्यातून पैसे कापून नंबर तुमच्याच नावावर राखला जातो. प्लानची मुदत संपल्यावर आउटगोइंग बंद होणं आणि काही दिवसांनी इनकमिंगही थांबणं, याच्याशी त्याचा संबंध नाही. नंबर तुमचाच राहील, पण ओटीपी येईलच असं नाही. पेन्शनच्या खात्याला जोडलेला नंबर अशा भरवशावर अजिबात ठेवू नका.

प्रतिसाद २

बटणांच्या फोनमुळे तुमचा निम्मा निर्णय झालेलाच आहे. जिओचं टू-जी नाही, त्यामुळे बाबांच्या आहे त्या फोनमध्ये जिओचं सिम चालणार नाही. जिओभारत हा त्यांचा बटणांचा फोर-जी फोन स्वस्त आहे आणि त्याच्यासाठी २८ दिवसांचा १२३ चा वेगळा प्लानही आहे, पण मग फोन बदलावा लागेल. पंचाहत्तरीच्या आसपासच्या माणसाच्या बोटांना सवयीची बटणं काढून घेऊ नयेत असं मला वाटतं. आमच्या आईच्या बाबतीत आम्ही फोन तोच ठेवला आणि फक्त प्लान बदलला. एअरटेल, व्ही (व्होडाफोन आयडिया) आणि बीएसएनएल यांचं टू-जी चालू आहे, निवड त्यांतूनच करा.

प्रतिसाद ३

चिपळूणहून लिहितोय. रेंजसाठी तीन गोष्टी करा. ट्रायच्या नियमामुळे प्रत्येक कंपनीला आपल्या वेबसाइटवर टू-जी, फोर-जी आणि फाइव्ह-जीचे कव्हरेज नकाशे द्यावे लागतात. त्यात गाव मोठं करून पाहा आणि टू-जीचा थर वेगळा तपासा. मग सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर जवळचा टॉवर कुठे आहे ते बघा. डोंगराच्या कोणत्या बाजूला टॉवर आहे हे कोकणात अंतरापेक्षा महत्त्वाचं ठरतं.

पण नकाशाला तुमच्या माजघराची भिंत माहीत नसते. म्हणून नंबर पोर्ट न करता आधी बीएसएनएलचं नवं सिम घ्या आणि बाबांच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत घाला. पाऊस सुरू होऊ दे. लाइट गेली की कुठल्याही कंपनीचा टॉवर बॅटरीवर जातो आणि बॅटरी संपली की गप्प होतो. आपल्याकडची खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्येच होते.

एक मात्र ध्यानात घ्या. २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुड्यात बीएसएनएलच्या देशी फोर-जीचं उद्घाटन झालं, सुमारे ९७,५०० टॉवर. त्याच्या बातम्या वाचून बाबांसाठी निर्णय घेऊ नका. त्यांचा फोन टू-जीचा, त्यांना त्या फोर-जीचा उपयोग नाही. आईसाठी विचार कराल तेव्हा मात्र तिचा फोन बीएसएनएलच्या फोर-जीचा ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ (लहरींचा पट्टा) पकडतो का ते आधी पाहा.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. २० रुपयांचं कोडं सुटलं, आणि जिओ यादीतून गेलं.

आता असं ठरवतोय : बाबांचा मुख्य नंबर आहे त्याच कंपनीत ठेवून फक्त कॉलचा ८४ दिवसांचा प्लान मारतो. वर्षाचा आत्ताच मारला आणि मध्ये पोर्ट केलं तर उरलेली मुदत बुडेल. दुसऱ्या खाचेत बीएसएनएलचं सिम. शेजारच्या काकांना सांगून ठेवतो, माजघरात बसून त्या नंबरवर अधूनमधून फोन लावून बघा म्हणून. पावसाळा नीट निघाला तर पोर्ट करून १,१९८ चा प्लान मारेन.

शेवटचं एक : पोर्टसाठी बाबांना स्वतः राजापूरला जावं लागेल का? एसटीचा प्रवास त्यांना आता झेपत नाही.

प्रतिसाद ३

अर्धं काम घरी होतं. बाबांच्याच फोनवरून 'पोर्ट' हा शब्द इंग्रजीत, जागा सोडून दहा आकडी नंबर, असा मेसेज १९०० वर पाठवायचा. जो कोड येतो तो चार दिवस चालतो. पण केवायसीला (ओळख पडताळणीला) नंबर ज्यांच्या नावावर आहे त्यांनी आधार घेऊन समोर असावं लागतं, फोटो तिथेच काढतात. सिम विकणारे मधूनमधून आठवडा बाजाराला किंवा ग्रामपंचायतीपाशी छत्री टाकून बसतात. गावातल्या रिचार्जच्या दुकानदाराला विचारा, त्याला त्यांचा वार माहीत असतो. त्याच्या आदल्या दिवशी मेसेज पाठवा.

बोटांचे ठसे उमटत नसतील तर कागदपत्रांच्या फोटोंवरून केवायसी करायला सांगा. सिम बदलून घेतलं असेल तर नंतर सात दिवस पोर्ट होत नाही, आणि एकदा पोर्ट केल्यावर ९० दिवस पुन्हा कंपनी बदलता येत नाही. म्हणून गणपतीच्या तोंडावर घाईत करू नका. गणपती उरकले की तुम्ही गावी असतानाच करा, म्हणजे नवं सिम चालू झाल्यावर बँकेचा ओटीपी येतोय का ते तिथल्या तिथे बघता येईल.