यार्नेफेल्टची अभ्यासचित्रं आधी लावावीत की ‘जोखडाखाली’?

सांजपाखरू
फिनलंडचा चित्रकार एरो यार्नेफेल्ट याचं १८९३ सालचं ‘जोखडाखाली’ हे तैलचित्र हेलसिंकीच्या आटेनेउम संग्रहालयात आहे. झाडं तोडायची, वाळवायची, जाळायची आणि राखेत राय हे धान्य पेरायचं, अशी तिकडची जुनी कास्की शेती. चित्रात धूर, जळके ओंडके आणि ते लांब दांड्यांनी हलवणारी माणसं आहेत. पुढ्यात एक पोर आहे, तोंड काजळीनं माखलेलं, हातात दांडा आणि नजर थेट आपल्यावर. मॉडेल होती लापिनलाहती भागातल्या एका शेतावरची मोलकरीण, योहाना कोक्कोनेन, वय १४.

यार्नेफेल्टनं या चित्रासाठी अभ्यासचित्रं, म्हणजे पूर्वतयारीची कच्ची चित्रं केली, फोटोही काढले. प्रदर्शनात ते सगळं मोठ्या चित्राच्या आधी लावायला हवं, असं माझं ठाम मत आहे. आग कुणासाठी थांबत नाही. १६४ सेंटिमीटर रुंदीचा कॅनव्हास धुरात मांडून हे चित्र पुरं होणं शक्य नव्हतं. म्हणजे हा क्षण जुळवलेला आहे, आणि आपण तो जसाच्या तसा घडला असं समजून हळहळतो. निदान गरिबीच्या चित्रात तरी चित्रकारानं काय रचलं ते बघणाऱ्याला आधी कळू दे.

शाईदौत
साफ अमान्य. आधी त्या पोरीची आणि आपली गाठ पडू दे.

अभ्यासचित्रं आधी लावलीत की लोक हात कसा बदलला, धूर कुठून कुठे नेला, हेच शोधत बसणार. कौतुक होणार ते यार्नेफेल्टच्या हाताचं, आणि पोर त्या हिशेबातली एक आकृती होऊन जाणार. तिचं फुगलेलं पोट बघा. १८९२ साली तिकडे पीक बुडालं होतं, आणि ते पोट उपासमारीचं आहे असंच अभ्यासक मानतात. तिथे क्षण जुळवला की नाही ही चौकशी मला अस्थानी वाटते. कच्चं काम चित्रकाराचं घरचं असतं, ते मागच्या दालनात राहू दे.

कवळं
आमच्याकडे कोकणात भाताचा तरवा (लावणीची रोपं) टाकण्याआधी राब भाजतात. कास्कीसारखं रान जाळत नाहीत, वाफ्यावर शेण, कवळाचा टाळा (तोडलेल्या पालेदार डहाळ्या), पातेरा (सुका पाला) आणि गवत पसरून पेटवतात. जाळ तेवढाच असला तरी वारा फिरला की डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागतात, मान खाली घालून हिरव्या डहाळीनं कड झोडायची आणि मागे सरायचं. त्या वेळी मान वर करून कुणी कुणाकडे टक लावत नाही.

तेव्हा ती पोर आगीत काम करता करता अशी बघत राहिली असेल, हे मला पटत नाही. पण नजर खोटी आहे असंही मी म्हणणार नाही. तिच्यासमोर यार्नेफेल्ट उभा होता. त्याचे वडील लष्करी अधिकारी, पुढे गव्हर्नर झालेले, आणि लापिनलाहती तेव्हा ज्या कुओपिओ प्रांतात येत होतं त्याच प्रांताचा कारभार त्यांनी पाहिलेला. गव्हर्नरच्या मुलानं ‘अशी उभी राहा’ म्हटल्यावर मोलकरीण पोर त्याच्याकडे कशी बघेल? मला तरी चित्रात तेच दिसतं.

शाईदौत
हे वाचून माझा मुद्दा पक्काच होतो. ती नजर पूर्ण चित्रातच दिसते ना? मग त्याच्याआधी दुसरं काही कशाला?

सांजपाखरू
नजर दिसते, पण समोर कोण उभं होतं ते चित्राच्या चौकटीत कुठेही नाही. कवळं यांनी जे सांगितलं ते ऐकल्याशिवाय बघणाऱ्याला वाटणार की पोर फक्त त्याच्याकडेच बघते आहे, आणि तो स्वतःच्याच कळवळ्यात रमणार. तिचं नाव, वय आणि तिचं मोलकरीण असणंही चित्राबाहेरूनच कळतं. मागच्या दालनात लोक जात नाहीत, हे संग्रहालय पाहिलेला कुणीही सांगेल.

आणि एक. त्या काळात लाकडाला भाव येत होता, जंगल जाळणं परवडेनासं झालं होतं, सरकारही आवर घालत होतं. कास्की संपत चालली होती. असं काम शेवटी शेवटी कसं चालायचं, त्याची नोंद म्हणूनही त्या फोटोंना आणि अभ्यासचित्रांना किंमत आहे. ती पहिल्या भिंतीवरच हवीत.